नंबरकाकांचं सत्त्याण्णव

"पैशाचं बघू नका, पण जरा मोठ्या नंबरचा चष्मा द्या," असं म्हणणारं एखादं तरी गिऱ्हाईक आठवड्यात यायचंच. मग काउंटरमागची ती उंच, टक्कल पडलेली मूर्ती हातातली फ्रेम खाली ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, "बाबा रे, नंबर म्हणजे काय पगार आहे, वाढला की बरं वाटायला? डोळ्याला लागतो तेवढाच द्यायचा. जास्त दिला तर घरी जाताना पायरी चुकशील आणि शिव्या मात्र मला देशील."

हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि सगळ्या गल्लीचे ते नंबरकाका झाले.

दुकान अगदी चिंचोळं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारा, आणि मध्ये हे. अक्षरांचा तक्ता ज्या अंतरावर टांगायला हवा तेवढी दुकानाची लांबीच नव्हती. म्हणून काकांनी उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या पाठीमागे लावला होता आणि समोर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचायचं. काही म्हातारे-म्हाताऱ्या नुसता स्क्रू आवळायच्या निमित्ताने येत आणि अर्धा तास सुखदुःखाचं बोलून जात. काका ऐकता ऐकता चष्म्याची काडी गरम हवेवर धरत, हलकेच वाकवत आणि म्हणत, "तुमचा डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली आहे. घाबरू नका, सगळ्यांचंच असं असतं. देवाला लेव्हल लावायला वेळ मिळत नाही."

असा हा गोड माणूस. पण एक खोड होती. वय सत्तावन्न, आणि चाळिशी नाही. म्हणजे लागली नव्हती असं नाही, लागून जुनी झाली होती, लावत नव्हते. लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं. जवळचं वाचायची वेळ आली की कागद हातभर लांब जायचा, मान मागे जायची, आणि "इथे उजेड कमी आहे" हे ठरलेलं वाक्य यायचं. बारीक स्क्रू ते सवयीने, बोटांनीच बसवायचे. औषधाच्या बाटलीवरचं घरात काकू वाचून दाखवायच्या.

"अहो, तुमचा हात आता याहून लांब व्हायचा नाही," काकू म्हणायच्या.

"मी स्वतः चष्मेवाला. मला कळत नाही का?"

"कळतं ना. तेच तर दुखणं आहे."

काकू सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवत. आवाज असा की तलावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याखाली असलेल्या पोरालाही ऐकू जावा. गाडी चालवायला त्या लग्नाआधीच शिकल्या होत्या. काका मात्र जन्मभर स्कूटरवर. पुढे त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला आणि त्या वर्षी दोघांनी एक लहानशी, फिकट हिरवी, सेकंडहँड गाडी घेतली. विकणारे संगीत शिक्षक लेकीकडे कायमचे राहायला चालले होते. काका काकूंकडूनच चालवायला शिकले. किल्ली देताना मास्तरांचे डोळे पाणावले होते. काकांनी त्यांचा चष्मा पुसून दिला.

आता गाडीला पहिल्यांदा पेट्रोल घालायची वेळ आली. काका एकटेच गेले, मुद्दामच. पहिलेपणाचा मान होता तो. कोपऱ्यावरच्या पंपावर गेले, ऐटीत उतरले. पंपावरची बाई नळी हातात घेऊन म्हणाली, "कुठलं घालू? एक्याण्णव की पंच्याण्णव?"

काका गोंधळले. स्कूटरला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. "फरक काय असतो?"

"ऑक्टेनचा. झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं बघा, तुमच्या गाडीला किती लागतं ते."

मागे दोन गाड्या उभ्या राहिल्या होत्या. एकाने हॉर्न दिला. काका वाकले. झाकणाच्या आत नखाएवढी चिठ्ठी चिकटवलेली, जुनी, अर्धवट पुसलेली. काकांनी मान मागे नेली, डोळे बारीक केले. किमान, असं काहीतरी. पुढे नऊ. नवाच्या पुढे सात.

"सत्त्याण्णव," काका म्हणाले.

"अरे वा," ती बाई म्हणाली. "मग आमच्याकडे नाही मिळायचं. सत्त्याण्णव फक्त नदीपलीकडे, हायवेच्या पंपावर. आज थोडं पंच्याण्णव घालून देऊ?"

त्या "अरे वा"ने घात केला. काका घरी आले ते दोन इंच उंच होऊनच. "आपली गाडी साधीसुधी नाही बरं का," त्यांनी काकूंना सांगितलं. "दिसायला लहान, पण हिला सत्त्याण्णव लागतं. या अख्ख्या भागात ते मिळतसुद्धा नाही."

"मास्तर तर तसं काही बोलले नाहीत."

"मास्तरांना सूर कळतात, इंजिन नाही."

झालं. दर रविवारी सकाळी दोघं गाडी घेऊन निघायची. अख्खं गाव ओलांडायचं, लांबलचक पूल ओलांडायचा आणि हायवेच्या पंपावर सत्त्याण्णव भरायचं. पंपाला लागून चहाची एक लहानशी टपरी होती. तिथे बाकावर बसून चहा प्यायचा, नदीतून वाळूची होडकी जाताना बघायची आणि परत यायचं. वाटेत काका स्टिअरिंगवर बोटं टेकून म्हणायचे, "ऐकतेस ना? आवाज आहे का काही? लोणी आहे लोणी."

काकू मान डोलवायच्या. पंपावर जायला-यायलाच पाव टाकी जाते हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण नवरा खुशीत होता, आणि रविवारी सकाळी त्याला खुशीत बघायची सवय काही त्यांना फार नव्हती. त्या गप्प बसल्या.

काका मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. स्क्रू आवळायला आलेल्या आजीबाईलाही ते सत्त्याण्णवची थोरवी सांगू लागले. "गाडीच्या पोटात घालायचं तर चांगलंच घालावं. आपण लेकराला कमी प्रतीचं देतो का?" जो माणूस दिवसभर "नंबर मोठा म्हणजे चांगला नव्हे" म्हणायचा, तोच पेट्रोलचं निघालं की मोठ्या नंबरची आरती ओवाळायचा. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या तर नाहीच.

मध्ये एकदा गंमत झाली. तलावावर एका मुलीचा पाय मुरगळला, काकूंनी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, मग घरी सोडलं, आणि परतताना पेट्रोलचा काटा तळाला टेकला. पुढ्यात पहिला दिसला तो कोपऱ्यावरचाच पंप. "कुठलं?" असं विचारल्यावर "जे लवकर येईल ते," म्हणाल्या. एक्याण्णव गेलं, टाकी भरून. घरी आल्यावर सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी काढली, गल्लीच्या टोकाला वळवली आणि म्हणाले, "बघ. हाच फरक असतो सत्त्याण्णवचा. पाण्यावरून चालल्यासारखी चालते."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. हसू दाबण्यासाठी त्यांनी पाण्याखाली धरावा तसा श्वास धरून ठेवला होता.

आता या गोष्टीत काकांचे साडू येतात. काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचा फरश्यांचा मोठा व्यापार. माणूस दिलदार, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण कमी दामाची फरशी आहोत असं वाटावं. त्यांनीही नुकतीच गाडी घेतली होती. लांबरुंद, काळी कुळकुळीत, टर्बो इंजिनची. काकांची सत्त्याण्णवची कथा कानावर गेल्यावर ते मनसोक्त हसले.

"साडूभाऊ, पेट्रोल म्हणजे पेट्रोल. जमिनीतून एकच येतं, पंपवाले त्याला तीन नावं देतात. मी एवढी मोठी गाडी घेतली, डोळे मिटून एक्याण्णव घालतो. काही बिघडलं का?"

"ज्याची त्याची आवड," काका म्हणाले. पण ते त्यांना लागलं.

थंडी सरून ऊन तापू लागलं तेव्हा चौघांनी डोंगरावरच्या तळ्यावर सहलीला जायचं ठरवलं. साडूंचा आग्रह, जायचं तर मोठ्याच गाडीतून. "तुमची हिरवी डबी चढावर धापा टाकेल." काकांनी पुन्हा एकदा राग गिळला. पाव, उकडलेली अंडी, संत्री आणि थर्मास मागे टाकून चौघं निघाली. पुढे दोघे साडू, मागे दोघी बहिणी.

सपाटीवर काळी गाडी राजासारखी धावली. साडूंनी गाणी लावली. पण चढ लागला, ऊन चढलं, गाडीत चार माणसं, आणि तिसऱ्या वळणानंतर गाडी जडावली. साडूंनी पाय दाबला. पुढून आवाज आला, बारीक, कडकड-कडकड, डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा.

"हे काय वाजतंय?" धाकटीने विचारलं.

"रस्त्यावरची खडी उडतेय," साडू म्हणाले.

रस्ता तर नवा, गुळगुळीत होता. साडूंनी गाण्याचा आवाज वाढवला. पुढच्या वळणावर पुन्हा कडकड. मागून आलेला एक जुना टेम्पो, वर कोबीची पोती लादलेला, हॉर्न देऊन आरामात पुढे निघून गेला. साडूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, असं दाखवलं.

निम्म्या डोंगरावर गाड्या थांबवायला जागा होती. साडूंनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. काकाही जाऊन शेजारी उभे राहिले. दोघांनाही आतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुरुषांनी अशा वेळी उभं राहायचं असतं.

काकू खाली उतरल्या, गाडीला एक फेरी घातली, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेट्रोलचं झाकण उघडलं. वाचलं. मग तलावावरच्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, इथे लिहिलंय किमान पंच्याण्णव. तुम्ही काय घालता?"

साडू बॉनेटमध्ये आणखी खोल वाकले. मग धाकटीच बोलली, "एक्याण्णव घालतात, ताई. डोळे मिटून."

काकांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा साडूंवर बाजी उलटली होती. ते बॉनेटला टेकले आणि सुरू झाले. "साडूभाऊ, मी काय सांगत होतो? लिहिलंय ते का लिहिलंय? कंपनीवाले काय वेडे आहेत? माझी एवढीशी गाडी, पण सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव. आजवर एकदा हूं की चूं केलं नाही तिने. वाचावं हो माणसाने, जरा वाचावं."

साडू बिचारे ऐकून घेत होते. पण काकूंच्या डोक्यात वेगळंच चाक फिरायला लागलं. एवढी मोठी, नवी, टर्बोची गाडी, तिला पंच्याण्णव. आणि मास्तरांच्या जुन्या हिरव्या डबीला सत्त्याण्णव? आणि मागे त्यांनी एक्याण्णव घातलं तेव्हा तर ती पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. त्यांनी संत्रं सोलायला घेतलं.

मग साडूंनी पाय हलका ठेवून, खालच्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने गाडी वर नेली. तळ्यावर सगळ्यांनी पोटभर खाल्लं. काकू तळ्यात उतरल्या आणि पलीकडच्या काठाला हात लावून आल्या. साडूंनी सुद्धा शेवटी हसत कबूल केलं, "आज तुमचा दिवस आहे, साडूभाऊ."

संध्याकाळी घरी आल्यावर काका आंघोळीला गेले तशा काकू खाली उतरल्या. हिरव्या गाडीचं झाकण उघडलं, पदराच्या टोकाने चिठ्ठी पुसली आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग झाकण तसंच उघडं ठेवून वर आल्या. दुकानाच्या पिशवीत नमुन्याचे तयार चष्मे असत, त्यातला एक काढला आणि काका टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले तेव्हा त्यांच्यापुढे धरला.

"हा लावा आणि खाली चला."

"आता? कशाला?"

"चला तर."

काकूंचा तो आवाज काकांना ठाऊक होता. त्या आवाजावर पोरं बर्फासारख्या पाण्यात उड्या मारत. ते निमूटपणे खाली गेले. चष्मा लावला. वाकले. जगातल्या सगळ्या छापील गोष्टी एकदम जवळ, काळ्याभोर आणि ठळक झाल्या. चिठ्ठीवर नऊ होता. नवाच्या पुढे एक होता. सरळ, काठीसारखा उभा इंग्रजी एक, डोक्यावर इवलीशी चोच असलेला. त्या चोचीलाच काकांनी साताचा माथा मानलं होतं.

काका बराच वेळ वाकलेलेच राहिले. कमरेत उसण भरली की काय, असं काकूंना वाटलं.

"एक्याण्णव," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे कोपऱ्यावरचं."

"हो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि एक सांगू का? मागे ती पाण्यावरून चालली होती ना, ते पण एक्याण्णवच होतं. मी घातलं होतं."

काका सरळ झाले. चष्म्यातून बायकोकडे बघितलं. इतक्या जवळून, इतकं स्पष्ट, त्यांनी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांची बारीक जाळी पडली होती, आणि ती सगळी जाळी हसू दाबत होती. मग काकांनाच फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग गाडीच्या टपावर हात टेकून ते इतके हसले की वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने खिडकी उघडून विचारलं, "काय झालं?"

"दिव्याखाली अंधार झाला," काका डोळे पुसत म्हणाले. "दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी काकूंनी त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. तपासणीची ती जाड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि लहान अक्षरांचा कागद हातात देऊन एकेक काच घालू लागल्या. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं.

"ही बरी की ही बरी?"

"दोन्ही सारख्याच."

"खोटं बोलू नका."

"ही."

"आणि ही?"

काका जरा घुटमळले. "यात अक्षर जास्त मोठं दिसतंय. ही ठेवू का?"

"नंबर म्हणजे काय पगार आहे?" काकू म्हणाल्या. काकांनी मुकाट्याने अलीकडची काच घेतली.

त्याच आठवड्यात साडूंचा फोन आला. ते वर्कशॉपमध्ये जाऊन आले होते आणि नव्या बाटग्याच्या उत्साहाने ऑक्टेन शिकून आले होते. "साडूभाऊ, तुम्हाला माहीत आहे का, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे बरं. सहनशक्ती आहे ती. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते ना, तेव्हा ठिणगी पडायच्या आधीच ते मिश्रण आपलं आपण पेटू नये, यासाठी तो आकडा. माझ्या गाडीत दाब जास्त, म्हणून पंच्याण्णव लागतं. कमी घातलं की अवेळी पेटतं, तोच तो कडकडाट. आता घालतोय, चढावर एकदम मुकी झाली. आणि जिथे दाब कमी, तिथे मोठा आकडा घालून उपयोग शून्य. नुकसान नाही, पण फायदाही नाही." मग जरा थांबून, आदराने म्हणाले, "तुमच्या गाडीत दाब फारच असला पाहिजे."

काकांपुढे वाट मोकळी होती. "हो ना" म्हटलं असतं तर जन्मभर मिरवता आलं असतं. काकूंनी भाजी चिरता चिरता सुरी थांबवली आणि बघत राहिल्या. काकांनी नाकावरचा नवा चष्मा वर सरकवला.

"साडूभाऊ, तुम्ही बसलेले आहात ना? बसा. एक सांगायचंय."

आणि सगळं सांगितलं, चोचीसकट. पलीकडून साडूंच्या हसण्याचा गडगडाट सुरू झाला. "म्हणजे मला पाहिजे होतं ते तुम्ही घालत होता," ते कसेबसे म्हणाले, "आणि तुम्हाला पाहिजे होतं ते मी. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत." त्या दिवसापासून दोघा साडूंचं असं काही जमलं की बहिणींनाच हेवा वाटावा.

दुकानात काका ही गोष्ट आता स्वतःच सांगतात. चाळिशी लावायला लाजणारं कुणी आलं, की त्याला खुर्चीत बसवून आधी ती ऐकवतात. माणूस हसतो, आणि हसता हसता फ्रेम निवडतो.

साडूंच्या त्या फोननंतरच्या शनिवारी काकांनी कोपऱ्यावरच्या पंपावर एक्याण्णव भरलं. त्या बाईने विचारलं, "आज इकडे कसे?" काका म्हणाले, "डोळे उघडले." रविवार उजाडला. टाकी भरलेली, काम काही नाही. काका चहाचा कप घेऊन खिडकीत बसले, मग उठले, वर्तमानपत्र चाळलं, पुन्हा बसले. पेपर आता सरळ हातात धरून वाचता येत होता, तरी वाचण्यात जीव लागेना.

काकू केस विंचरून, चपला घालून आल्या. हातात गाडीची किल्ली. "चला."

"कुठे? टाकी भरलेली आहे."

"पेट्रोलचं कोण बोलतंय? आज मी चालवते."

गाव मागे पडलं, पूल लागला. खाली नदी उन्हात चमकत होती. काकू जरा जोरात चालवत होत्या आणि काकांनी एकदाही इंजिनचा आवाज ऐकला नाही. ते काठावरच्या बगळ्यांबद्दल बोलत होते. हायवेच्या पंपावरच्या माणसाने त्यांची हिरवी गाडी ओळखली आणि सवयीने सत्त्याण्णवची नळी उचलली.

काकांनी काच खाली केली. "राहू दे," ते म्हणाले. "आज नुसता चहा."